मौन, नकार आणि सही : जपानी संशयिताच्या जबाबलेखाची भाषा

जपानमध्ये अटक झालेल्या माणसाचा जबाब ज्या कागदावर उतरवून घेतला जातो, त्याच्या आरंभी काही ओळी आधीच छापलेल्या असतात. अमुक गुन्ह्याच्या तपासात, इच्छेविरुद्ध काही सांगण्याची आवश्यकता नाही अशी पूर्वसूचना देऊन संशयिताची चौकशी केली असता त्याने स्वेच्छेने पुढीलप्रमाणे निवेदन केले, असा त्या ओळींचा आशय असतो. त्या ओळींतला बोलणारा चौकशी अधिकारी होय. ‘निन्‌इ’, म्हणजे ‘स्वेच्छेने’, हा शब्द अशा रीतीने संशयिताने तोंड उघडण्यापूर्वीच कागदावर येऊन बसलेला असतो. त्यानंतर परिच्छेद बदलतो आणि त्याबरोबर बोलणाराही बदलतो. आता बोलणारा ‘मी’ हा संशयित असतो, निदान व्याकरणाच्या दृष्टीने तरी. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो ह्या दुसऱ्या ‘मी’चा, आणि जो माणूस हा ‘मी’ होण्याचे नाकारतो त्याचा.

अटकेनंतर संशयित तपासाला साथ देत नाही, असे जेव्हा जपानमध्ये म्हटले जाते तेव्हा साधारणपणे दोन गोष्टी अभिप्रेत असतात. एक ‘मोकुही’, म्हणजे मौन. दुसरी ‘हिनिन’, म्हणजे आरोपाचा इन्कार. पहिलीत माणूस बोलत नाही, दुसरीत बोलतो पण नाही म्हणतो. ह्या दोहोंच्या मानाने तिसऱ्या एका गोष्टीची चर्चा फार थोडी होते. ती म्हणजे लिहून तयार झालेल्या जबाबावर सही करण्यास नकार देणे. आमच्या मते असहकाराचे खरे मर्म ह्या तिसऱ्या नकारात आहे. कारण चौकशीच्या खोलीत संशयिताकडून मागितले जाते ते केवळ बोलणे नव्हे, तर एका विशिष्ट रचनेच्या लेखाचे कर्तृत्व होय. ही गोष्ट कायद्याच्या कलमांपेक्षा त्या लेखाची भाषा तपासल्याने अधिक स्पष्ट होते.

प्रथम व्यवहाराची रूपरेषा सांगितली पाहिजे. पोलिसांनी अटक केल्यापासून ४८ तासांच्या आत संशयिताला सरकारी अभियोक्त्याकडे पाठवावयाचे, अभियोक्त्याने २४ तासांच्या आत न्यायाधीशाकडे स्थानबद्धतेची मागणी करावयाची, ती मान्य झाल्यास १० दिवस आणि मुदतवाढ मिळाल्यास आणखी १० दिवस, असा एकूण २३ दिवसांचा काळ एका गुन्ह्यासाठी मिळतो. दुसऱ्या गुन्ह्याच्या संशयावरून पुन्हा अटक केली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हा काळ बहुधा पोलीस ठाण्याच्याच कोठडीत जातो. दोषारोप दाखल होईपर्यंत जामिनाची सोय नाही, आणि चौकशीच्या वेळी वकिलाला शेजारी बसण्याचा हक्क कायद्याने दिलेला नाही. दोषारोपानंतर जामीन मागता येतो, पण पुरावा नष्ट करण्याचा संभव हे तो नाकारण्याचे एक कारण आहे, आणि आरोप नाकारणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा संभव न्यायालयास सहज दिसतो. ह्या पद्धतीला तेथील टीकाकार ‘हितोजिची शिहो’, म्हणजे ओलीस ठेवणारी न्यायपद्धती, असे म्हणतात. आरोग्य, श्रम व कल्याण मंत्रालयातील अधिकारी मुराकी आत्सुको ह्यांना २००९ साली ओसाका येथील अभियोक्त्यांनी अटक केली. त्यांनी आरोप मान्य केला नाही आणि त्या १६४ दिवस अडकून पडल्या. २०१० साली त्या निर्दोष ठरल्या, आणि तपास करणाऱ्या अभियोक्त्यानेच पुराव्याच्या संगणकीय तबकडीतील नोंद बदलली होती हेही उघड झाले. नकाराची किंमत काय पडते ह्याचे हे एक ठळक उदाहरण.

आता कायद्याचे शब्द पाहू. ३ मे १९४७ पासून अमलात असलेल्या जपानी राज्यघटनेच्या ३८ व्या कलमाने कोणालाही स्वतःला अपायकारक असे निवेदन करण्यास भाग पाडता येत नाही. सक्तीने, छळाने, धाकाने किंवा दीर्घ स्थानबद्धतेनंतर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात घेता येत नाही, आणि केवळ कबुलीजबाबावरून कोणाला दोषी ठरविता येत नाही. ह्या तरतुदींत ठिसूळ असे काहीच नाही. ठिसूळपणा सुरू होतो तो १९४८ च्या फौजदारी कार्यविधीच्या १९८ व्या कलमापासून. ह्या कलमात संशयिताला द्यावयाची पूर्वसूचना मुळात अशी होती की, त्याला निवेदन नाकारता येते. १९५३ साली हे शब्द बदलले, आणि त्यांच्या जागी ‘आपल्या इच्छेविरुद्ध निवेदन करण्याची आवश्यकता नाही’ असे शब्द आले. कायदेपंडित सांगतील की अर्थ तोच राहिला. भाषेच्या अभ्यासकाला तसे म्हणता यावयाचे नाही. पहिल्या वाक्यात संशयिताकडे एक क्रिया आहे, नाकारण्याची, आणि ती करण्याची मुभा त्याला दिली आहे. दुसऱ्या वाक्यात त्याच्याकडे क्रिया उरलेली नाही. फक्त एक आवश्यकता नाहीशी झाली आहे, आणि तीही ‘इच्छेविरुद्ध’ ह्या अटीसह. ‘तुम्हाला जाता येईल’ आणि ‘मन नसेल तर थांबलेच पाहिजे असे नाही’ ह्या दोन मराठी वाक्यांत जे अंतर आहे तेच येथे आहे. दुसरे वाक्य ऐकणारा माणूस बहुधा बसून राहतो. शिवाय, इच्छा बदलता येते. इच्छा बदलणे हेच तर चौकशी करणाऱ्याचे काम. ह्याउलट खटला उभा राहिल्यावर न्यायालयातील आरोपीसाठी लिहिलेले ३११ वे कलम पाहावे. तेथे आरोपीला आरंभापासून अखेरपर्यंत गप्प राहता येते असे सरळ म्हटले असून ‘चिन्मोकु’, म्हणजे मौन, हा शब्दच वापरला आहे. उघड्या न्यायालयात ज्या शब्दाचा संकोच वाटला नाही, तो शब्द बंद खोलीसाठी लिहिलेल्या कलमात नाही.

त्याच १९८ व्या कलमात आणखी एक वाक्यांश आहे, आणि त्यावर अर्ध्या शतकाहून अधिक काळ वाद चालला आहे. चौकशीसाठी बोलावलेल्या संशयिताला येण्याचे नाकारता येते किंवा आल्यावर केव्हाही निघून जाता येते, ‘अटक किंवा स्थानबद्धता झालेली असल्यास ते सोडून’. ह्या अपवादाचा व्यत्यास करून तपासयंत्रणा असे मानते की, अटक झालेल्या माणसावर चौकशीला बसून राहण्याचे बंधन आहे. हिरानो र्‍यूइचि ह्या विद्वानाने १९५० नंतरच्या दशकात ह्या अर्थाला विरोध केला. तपासात संशयित हा केवळ चौकशीचा विषय नसून एक पक्ष आहे, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार होते. विद्यापीठांत हे मत पुष्कळांनी उचलून धरले, चौकशीच्या खोलीत मात्र ते पोचले नाही. पुढे २४ मार्च १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने एका निकालाच्या ओघात म्हटले की, हजर होण्याचे आणि थांबण्याचे बंधन आहे असे मानले तरी त्यामुळे इच्छेविरुद्ध निवेदन नाकारण्याचे स्वातंत्र्य लगेच हिरावले जाते असा अर्थ होत नाही. तर्कदृष्ट्या हे विधान निर्दोष आहे. बसून राहणे वेगळे, बोलणे वेगळे. पण हा भेद लेखी वाक्यांत जितका स्वच्छ आहे तितका तो संभाषणात असतो का?

संभाषण म्हणजे पाळीपाळीने बोलणे. एकाने प्रश्न विचारला की उत्तराची जागा रिकामी होते, आणि ती रिकामी राहिली तरी तिचा अर्थ लावला जातोच. मौन ही संमतीची खूण मानण्याची आपल्याकडील रीत हे त्याचेच एक उदाहरण. ज्याला खोली सोडून जाता येत नाही त्याचे मौन हे एकदाच घेतलेले व्रत राहत नाही. ते दर प्रश्नागणिक नव्याने करावे लागणारे कर्म होते. योकोहामा येथील अभियोक्त्यांनी २०१८ साली एका वकिलाला अटक केली. त्याने आरंभापासून मौन धरले. तरीही सुमारे ५६ तास चौकशी चालू राहिली, म्हणजे दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर एकच बाजू ५६ तास बोलत राहिली. ह्या चौकशीचे ध्वनिचित्रमुद्रण पुढे दिवाणी दाव्यात पुढे आले. अभियोक्ता त्याला पोरकट म्हणतो, त्याच्या वकिलीच्या कौशल्यावर घसरतो, आणि समोरचा माणूस गप्प असतो. तोक्यो जिल्हा न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ११ लाख येनांची भरपाई मंजूर केली. हा निकाल योग्यच होता. परंतु दोष ठरला तो अपशब्दांचा. तेच ५६ तास आदरार्थी क्रियापदांत बोलले गेले असते तर काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्या मनात राहतोच. जपानी भाषेत आदराच्या रूपांची कमतरता नाही.

मौन सुटले, किंवा मुळातच नसले, तर मग जबाब लिहिला जातो. ह्या लेखाला ‘क्योजुत्सु चोशो’ म्हणतात. ‘जबाब’ हा आपला शब्द अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ उत्तर, आणि म्हणून त्यात प्रश्नाची छाया कायम आहे. ‘क्योजुत्सु’ ह्या शब्दातील पहिला घटक पुढे ठेवणे किंवा अर्पण करणे ह्या अर्थाचा असून दुसरा कथन ह्या अर्थाचा आहे. प्रश्नाला ह्या शब्दात स्थान नाही, आणि लेखातही बहुधा नसते. दोन-तीन तास प्रश्नोत्तरे झाल्यावर अधिकारी जे लिहितो ते एका सलग प्रथमपुरुषी आत्मकथनाच्या रूपाने. माझा जन्म अमुक गावी झाला, मी त्या दिवशी अमुक वाजता घराबाहेर पडलो, माझ्या मनात अमुक विचार आला, असे त्याचे रूप. आपल्या पोलीस ठाण्यांतही ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की’ ह्या वळणाने प्रथमपुरुषीच लेखन होते, त्यामुळे मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. परंतु एक मोठा फरक आहे, त्याकडे नंतर येऊ.

जपानी भाषेत प्रथमपुरुषाला एकच सर्वनाम नाही. वय, लिंग, प्रसंग आणि समोरचा माणूस ह्यांनुसार ‘वाताशि’, ‘बोकु’, ‘ओरे’, ‘वाशि’ अशी निरनिराळी रूपे येतात, आणि बोलणारा माणूस कोण आहे हे त्यांतूनच निम्मे कळते. जबाबलेखात ह्या सर्वांच्या जागी औपचारिक ‘वाताशि’ येते. मच्छिमार, विद्यार्थी, बांधकामावरचा मजूर, सगळे एकाच सर्वनामाने आणि एकाच वाक्यरचनेने आपली कहाणी सांगतात. गंमत अशी की, पोलिसांसाठी १९५७ साली केलेल्या तपासविषयक नियमांत ह्या बाबतीत चांगली जाणीव दिसते. निवेदकाने बोलीतील, संक्षिप्त किंवा टोळीच्या भाषेतील शब्द वापरले आणि निवेदनाच्या सत्यतेसाठी आवश्यक वाटले, तर ते जसेच्या तसे लिहून टीप द्यावी, आणि जरूर पडल्यास प्रश्नोत्तररूप वापरावे व बोलण्याच्या वेळची वृत्तीही नोंदवावी, असे तो नियम सांगतो. बोलीअभ्यासकाने आपल्या विद्यार्थ्याला ह्याहून निराळे काय सांगितले असते? पण येथील टिपेचा हेतू बोली जपणे हा नसून कथन खरे भासविणे हा आहे. अस्सल शब्दांचा एक ठिपका लागला की उरलेला सगळा मजकूरही अस्सल वाटू लागतो. कादंबरीकाराला ही युक्ती ठाऊक असते.

प्रश्नोत्तररूप केव्हा वापरले जाते हेही पाहण्यासारखे आहे. निवेदन तपासाच्या दिशेशी जुळते तोवर प्रश्न अदृश्य असतात. माणूस अडखळला, विसंगत बोलला किंवा इन्कार करू लागला की मग ‘प्रश्न’ आणि ‘उत्तर’ अशी विभागणी कागदावर अवतरते, आणि त्याचे गप्प राहणेही तेथे उत्तर म्हणून लिहिता येते. म्हणजे सहकार्य करणारा माणूस आपली कथा आपण सांगतो, आणि सहकार्य न करणारा प्रश्नांना तोंड देतो, असे चित्र निर्माण होते. वस्तुतः दोघांनाही तेवढेच प्रश्न विचारलेले असतात.

लेखाच्या शेवटी पुन्हा बोलणारा बदलतो. वरीलप्रमाणे लिहून घेऊन वाचून दाखविले व पाहावयास दिले असता, त्यात चूक नाही असे सांगून त्याने सही केली व बोटाचा ठसा उमटविला, असे अधिकारी लिहितो. कोठडीतल्या माणसाजवळ शिक्का नसतो म्हणून बोटाचा ठसा. एकाच लेखात अशा रीतीने आरंभी व शेवटी एक ‘मी’ आणि मध्ये दुसरा ‘मी’ आहे, आणि तिन्ही भागांचा लेखक एकच आहे. मधल्या भागाचे कर्तृत्व संशयिताकडे हस्तांतरित होते ते केवळ त्या सहीने.

आणि म्हणून कायद्यानेही सहीला एवढे महत्त्व दिले आहे. फौजदारी कार्यविधीच्या ३२२ व्या कलमानुसार आरोपीची सही किंवा शिक्का असलेला, त्याला प्रतिकूल गोष्टी मान्य करणारा जबाब, स्वेच्छेविषयी शंका नसल्यास, पुराव्यात येऊ शकतो. १९८ वे कलम संशयिताला दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार देते आणि सही नाकारण्याची मुभाही स्पष्टपणे मान्य करते. येथे मात्र कायद्याने ‘नाकारणे’ हे क्रियापद ठेवले आहे. मराठी वाचकाला ज्या फरकाविषयी वर सूचित केले तो येथे आहे. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, आणि तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याने सही करावयाची नाही, असा नियम ब्रिटिश अमदानीपासून चालत आला व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही तो राखला आहे. आपल्याकडील कायद्याने पोलिसाच्या लेखणीवर अविश्वास दाखवून सहीच काढून टाकली; जपानी कायद्याने तिच्यावर विश्वास ठेवून सहीला द्वारपाल केले. ह्यावरून आपली पोलीसठाणी अधिक निर्मळ ठरतात असे मात्र कोणी समजू नये. येथे तुलना फक्त लेखांच्या रचनेची आहे.

ओकावारा काकोकी ह्या यंत्रे बनविणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात सहीचे हे स्थान उघडे पडले. निर्यातीच्या नियमांचा भंग केल्याच्या संशयावरून मार्च २०२० मध्ये तिच्या तीन व्यक्तींना अटक झाली, त्यांपैकी एकाचा कोठडीच्या काळात आढळलेल्या कर्करोगाने मृत्यू झाला, आणि जुलै २०२१ मध्ये खटलाच मागे घेण्यात आला. भरपाईच्या दाव्यात तोक्यो जिल्हा न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये जे मान्य केले त्यात एक बाब अशी होती की, संशयिताने दुरुस्ती सुचविली असता अधिकाऱ्याने ती केल्याचे भासवून, न केलेल्याच मजकुरावर त्याची सही घेतली. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयानेही तपास बेकायदा असल्याचे कायम केले. आवाज चढविणे नाही, हात उगारणे नाही. झाली ती केवळ संपादकीय लबाडी. पण ह्या पद्धतीत तीच सर्वांत मोठी ठरते.

ह्याहून जुने आणि भयंकर उदाहरण हाकामादा इवाओ ह्यांचे. शिझुओका प्रांतात जून १९६६ अखेर एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. १८ ऑगस्ट रोजी हाकामादांना अटक झाली आणि इन्कार करीत करीत विसाव्या दिवशी, ६ सप्टेंबर रोजी, त्यांनी कबुली दिली. त्यांच्या नावावर एकूण ४५ जबाबलेख तयार झाले. १९६८ साली न्यायालयाने त्यांतले ४४ निरनिराळ्या कारणांनी वगळले, अभियोक्त्याने घेतलेला एक ठेवला, आणि मृत्युदंड दिला. त्या एका लेखातला ‘मी’ रात्रीचा पायजमा घालून गुन्हा करतो. अटकेनंतर वर्षभराने मिसोच्या टाकीत सापडलेले रक्ताचे डाग असलेले पाच कपडे पायजमा नव्हेत. लेख आणि वस्तू एकमेकांना खोटे ठरवीत असताना दोन्ही स्वीकारले गेले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुनर्विचारात त्यांना निर्दोष ठरविताना न्यायालयाने जे पुरावे बनावट मानले, त्यांत कपड्यांबरोबर तो जबाबलेखही होता. कपडे बनावट असू शकतात हे कोणालाही समजते. माणसाने खरोखर सही केलेला लेखही बनावट असू शकतो, हे न्यायालयाने म्हणावे ह्याला आमच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. ते म्हणावयास ५६ वर्षे लागली.

असहकाराचे एक टोकाचे रूप म्हणजे नाव सांगण्यासच नकार. २० फेब्रुवारी १९५७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, नाव हे सामान्यतः स्वतःला अपायकारक असे निवेदन नव्हे, म्हणून ३८ व्या कलमाचे संरक्षण त्याला नाही. त्या प्रकरणातील आरोपींनी वकील नेमल्याच्या कागदावर नावाऐवजी कोठडीचा क्रमांक लिहून अंगठ्याचा ठसा दिला होता, आणि तो कागद फेटाळला गेला होता. क्रमांक तुरुंगाने दिलेला, ठसा त्यांचा स्वतःचा. ह्या दोहोंनी व्यक्ती नक्की ओळखता येते. तरी ते पुरेसे झाले नाही. ह्या व्यवस्थेला बोलणाऱ्याचे शरीर हाती असूनही त्याने स्वतःला नावाने म्हणून दाखवावे लागते, ही गोष्ट त्या निकालाच्या तर्कापेक्षा अधिक बोलकी आहे.

ह्या जगाची बोलभाषा आता थोडी पाहू. संशयिताने कबुली देणे ह्याला पोलिसांच्या बोलीत ‘ओचिरु’ म्हणतात, म्हणजे पडणे; आणि त्याच्याकडून कबुली काढणे म्हणजे ‘ओतोसु’, पाडणे. मराठीतल्या पडणे-पाडणे ह्या जोडीइतकीच ही जोडी नेमकी आहे, अकर्मक आणि प्रयोजक. पूर्ण पडणे आणि अर्धे पडणे असे भेदही आहेत. योकोयामा हिदेओ ह्यांच्या २००२ च्या एका कादंबरीचे नावच ‘हानओचि’, अर्धा पडलेला, असे आहे. निर्दोष तो ‘शिरो’, पांढरा, आणि दोषी तो ‘कुरो’, काळा. आणि मौज अशी की ‘जिहाकु’, कबुलीजबाब, ह्या शब्दात जे अक्षर ‘सांगणे’ ह्या अर्थाने येते, त्याचाच नेहमीचा अर्थ पांढरा असा आहे. ह्या सगळ्या शब्दांत उभा राहिलेला माणूस ही केवळ एक न संपलेली अवस्था आहे. मौन किंवा इन्कार ह्यांना पडण्या-पाडण्याच्या ह्या रूपकात स्वतःचे असे स्थान नाही. ते म्हणजे अजून न पडणे.

पाडण्याच्या ह्या कल्पनेने काय काय सुचते ह्याचा नमुना कागोशिमा प्रांतातील शिबुशी येथे २००३ साली पाहावयास मिळाला. निवडणुकीतील लाचेच्या संशयावरून बोलावलेल्या एका गृहस्थापुढे अधिकाऱ्याने कागद ठेवले. त्यांवर त्याच्या वडिलांच्या, नातवंडाच्या तोंडी घातलेली वाक्ये अधिकाऱ्याने स्वतः लिहिली होती, आणि मग पाय धरून त्याला त्या अक्षरांवर उभे केले. तोकुगावा काळात ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय देण्यास लावून ख्रिस्ती लोकांना ओळखीत, त्या ‘फुमि-ए’वरून वृत्तपत्रांनी ह्याला ‘फुमि-जि’, अक्षरे तुडविणे, असे नाव दिले. २००७ च्या जानेवारीत न्यायालयाने त्या गृहस्थाला भरपाई दिली, आणि पुढच्याच महिन्यात त्या प्रकरणातील १२ आरोपी निर्दोष सुटले. क्रूरतेपेक्षाही लक्षात राहते ती रीत : अधिकाऱ्याने दुसऱ्याच्या नावाने प्रथमपुरुषी वाक्य लिहावयाचे. जबाबलेखात तो रोज जे करतो तेच त्याने येथे नातलगांच्या नावाने केले.

त्याच जानेवारीत सुओ मासायुकी ह्यांचा ‘सोरेदेमो बोकु वा यात्ते नाइ’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. गर्दीच्या आगगाडीत एका शाळकरी मुलीचा विनयभंग केल्याचा आळ एका तरुणावर येतो, तो नाही म्हणतो, आणि नाही म्हणतच राहतो; एवढीच कथा. ‘तरीही मी केले नाही’ असे नावाचे भाषांतर होईल, पण त्यात एक गोष्ट निसटते. नावातला ‘मी’ हा ‘बोकु’ आहे, तोही कातकाना लिपीत लिहिलेला; म्हणजे बोलता बोलता तोंडून निघालेला, तरुण पोराचा ‘मी’. हा शब्द कोणत्याही जबाबलेखात बसणार नाही. चित्रपटाचे सामर्थ्य असे की, त्याने इन्काराला शौर्याचे रूप दिलेले नाही. इन्कार म्हणजे रांगा, दोरीने बांधून नेणे, पुन्हा तोच प्रश्न, मध्येच बदललेला न्यायाधीश. आरंभीच एक वकील त्याला सांगतो की, मान्य करून तडजोड केलीस तर लवकर सुटशील. आणि हे तो दुष्टपणाने सांगत नाही, अनुभवाने सांगतो. शेवटी न्यायाधीश दोषी ठरविणारा निकाल वाचतो. तो लेख लांबच लांब चालतो, आणि त्यावरून तरुणाचे मनातले बोलणे आपल्याला ऐकू येते. त्याला अखेर स्वतःच्या सर्वनामात सलग बोलावयास मिळते, पण ते न्यायालयात कोणी लिहून घेत नाही. अपील करतो एवढेच तो मोठ्याने म्हणतो.

ह्या चित्रपटाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याचा नायक बोलणारा आहे. खरे सांगितले तर ऐकले जाईल ह्या श्रद्धेवर तो सुरुवातीपासून उभा आहे, आणि चित्रपटाची शोकात्मता ती श्रद्धा ढासळण्यात आहे. गप्प राहणाऱ्या माणसाचा चित्रपट ह्याहून कठीण झाला असता. प्रेक्षकाची सहानुभूती बोलणाऱ्याकडे सहज जाते. गप्प बसणाऱ्याविषयी प्रेक्षकही अधिकाऱ्याप्रमाणेच विचारू लागतो की, लपवावयाचे काही नसेल तर हा बोलत का नाही. सुओ ह्यांनी तो प्रश्न टाळला असे म्हणण्यापेक्षा, त्यांच्या कथेला त्याची गरज पडली नाही असे म्हणणे न्याय्य होईल.

मुराकी प्रकरणानंतर सुरू झालेल्या विचाराचे फळ म्हणून २०१६ साली कायदा बदलला, आणि १ जून २०१९ पासून नागरिक-न्यायाधीशांपुढे चालणाऱ्या गंभीर खटल्यांत व अभियोक्त्यांनी स्वतः सुरू केलेल्या तपासांत, अटकेतील चौकशीचे संपूर्ण ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक झाले. एकूण खटल्यांत ह्यांचे प्रमाण अल्प आहे. सुओ ह्यांच्या नायकाची चौकशी आजही ह्या सक्तीत येणार नाही. तरीही जेथे मुद्रण आहे तेथे बोललेले आणि लिहिलेले प्रथमच शेजारी ठेवता येते, अधिकाऱ्याचे प्रश्न पुन्हा दिसू लागतात, आणि योकोहामाच्या त्या वकिलाचे मौन जसे ऐकता आले तसे मौनही ऐकता येते. कायद्याच्या प्राध्यापकांच्या आधी भाषेच्या विद्यार्थ्याने ह्या साधनाकडे धाव घ्यावी असे आम्हाला वाटते.

दरम्यान जपानच्या वकीलसंघाने दुसरे एक साधे साधन काढले आहे. अटकेतल्या माणसाला वकील एक वही देतो, तिला ‘संशयिताची वही’ असेच नाव आहे. चौकशी केव्हा सुरू झाली, केव्हा संपली, काय विचारले, अधिकारी कसा वागला, जबाब लिहिला का, दुरुस्ती मागितली का, सही केली का, हे त्याने कोठडीत परतल्यावर आपल्या हाताने त्या वहीत लिहावयाचे. तेथे आरंभीची ओळ छापलेली नसते, आणि ‘वाताशि’ लिहावे की ‘बोकु’ की ‘ओरे’ हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.